ऑव्हिडच्या कबरीला चुना

तुसाँच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणाच्या दिवशी आमच्या खाडीकाठच्या गावात कबरींना चुना देऊन झाला की दुपारी फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात. ज्याने त्याने आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभं राहायचं. आमची आजी, मॉमॉ, गेल्यानंतरचं हे पहिलंच तुसाँ. तिची कबर मी आदल्या दिवशीच पांढरीशुभ्र करून ठेवली होती आणि शेवंतीने इतकी भरली होती की नावसुद्धा झाकलं गेलं.

उरली होती ऑव्हिडची. कोळंबी धरणारा हा एकटा गडी आमच्या कोंबड्या चोरून खायचा. मागेपुढे कोणी नाही म्हणून मॉमॉ दर वर्षी त्याला शिव्या घालत घालत त्याच्याही बिननावाच्या कबरीला चुना द्यायची. ते काम आता माझ्याकडे आलं होतं. मी बादलीत चुना कालवत होते, तेवढ्यात माझा चुलतभाऊ कर्बी ह्यूस्टनहून येऊन उभा राहिला.

मॉमॉने आम्हा दोघांना वाढवलं, पण लाडका तो. दुधात नावापुरती कॉफी घालून ती पहिला पेला त्याच्याच हातात द्यायची. फेब्रुवारीत तिला कबरीत ठेवलं तेव्हा हे साहेब पावसात गाडीपाशी फोनवर बोलत होते. जेवायलाही थांबले नाहीत. ओकच्या झाडापासून दुसरी कबर, एवढंच त्याने लक्षात ठेवलेलं. तो ओक ऑगस्टच्या वादळात पडला, हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं. त्याने हं हं केलं होतं. आता त्याने भलत्याच ओकपासून मोजलं आणि थेट ऑव्हिडसमोर गेला.

"काय गं वेल्मा, हे शेवाळ बघ," तो म्हणाला. "नावसुद्धा घातलं नाहीस. गावात राहून एवढंही होत नाही तुझ्याच्याने?"

शेजारच्या रांगेतल्या बायका कान टवकारून ऐकत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी शेवटी मॉमॉचं हगणं-मुतणं मी काढलं, आणि हा चार लोकांत मला शिकवणार. एका शब्दात त्याची चूक सांगता आली असती. मी सांगितली नाही. कुंचा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "मग तू कर."

बायका तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसले. पडू दे तोंडघशी, असंच माझ्या मनात होतं.

कर्बीने कोट काढून गवतावर ठेवला, गुडघे टेकले आणि नखांनी शेवाळ खरवडायला लागला. खरवडता खरवडता हळू आवाजात बोलू लागला. आधी मला वाटलं, माझ्याशीच बोलतोय.

"मॉमॉ, तू शेवटचा फोन केलास ना, तेव्हा मी मोकळाच होतो गं. तुझं नाव दिसत होतं. म्हटलं, ही आता लांबण लावणार. नंतर करू म्हटलं."

तो फोन मीच लावून दिला होता. किती तरी वेळ ती कानाला धरून बसली होती. मग माझ्याकडे देत म्हणाली, "कामात असेल पोरगं."

बायकांचं हसू थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे तो मॉमॉला सांगायला इतक्या लांब आला होता, ते त्याने एका कोंबडीचोराला सांगितलं होतं, आणि ते मी होऊ दिलं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू?

घंटा वाजली. सगळे आपापल्या कबरींपाशी गेले. कर्बीने चुन्याने भरलेला हात पुढे केला. "ये ना, मॉमॉपाशी उभी राहा."

मी मॉमॉच्या खऱ्या कबरीपाशी गेले असते तर सगळ्यांसमोर त्याचं हसं झालं असतं. मी त्याच्याशेजारी उभी राहिले. समोरच्या रांगेत मॉमॉची कबर दिसत होती, शेवंतीने भरलेली, आणि तिच्यापाशी चिटपाखरू नव्हतं. फादरनी तिथे पाणी शिंपडलं, इकडेतिकडे बघितलं, मी दुसरीकडे दिसले तसे ते क्षणभर थबकले आणि पुढे गेले. मॉमॉच्या पहिल्या तुसाँला तिच्याजवळ घरचं कोणी नव्हतं.

कर्बीनेही ते बघितलं. डोळे पुसत म्हणाला, "ती बघ, किती छान ठेवलीय. आणि आज उभं राहायला एक माणूस नाही. कोणीच नाही का तिला?"

"दोन नातवंडं आहेत," मी म्हटलं, आणि मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.