प्रश्नचिन्हांची यादी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या आईचं नाव एका कागदावर आहे. कागद तुमच्यासमोर आहे, तुम्हाला वाचताही येतं, आणि तरी ते नाव काही वाचता येत नाही. कारण जिथं अक्षरं हवीत तिथं नुसती प्रश्नचिन्हं आहेत. चार, मग जरा जागा, मग तीन, मग पुन्हा पाच. अशा सहाशे चाळीस ओळी. त्यांतली एक तुमच्या आईची असेल. कदाचित नसेलही.

इथिओपियातल्या देसे गावी फिकिर्ते नावाच्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातात एका मंगळवारी सकाळी असाच कागद पडला.

फिकिर्ते आजीजवळ राहायची. एमामा म्हणजे आजीबाई; एमामा तोआबेच ही तिच्या वडिलांची आई. वडील फिकिर्ते पाळण्यात असतानाच वारले होते. ती पाच वर्षांची झाली तेव्हा आई बैरुतला एका घरी कामाला गेली. पहिली तीन वर्षं एक रविवार सोडून एक रविवार फोन यायचा. आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज काय खाल्लंस?" फिकिर्ते म्हणायची, इंजेरा आणि शिरो, म्हणजे तिथली भाकरी आणि पिठलं. मग आई विचारायची, शिरो तिखट होता का, आणि असंच काहीबाही बोलण्यात वेळ संपून जायचा. पुढं एका रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एमामानं लावून पाहिला तर तो बंद. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

हल्ली फिकिर्तेला एक भीती वाटू लागली होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. आईचा प्रश्न तिला पाठ होता, पण त्यातला आवाज हरवत चालला होता. मनातल्या मनात "आज काय खाल्लंस?" असं म्हणून बघितलं की तो आवाज एमामाचा निघायचा.

अशात बातमी आली, की बैरुतच्या एका आश्रयघरात आपल्याकडच्या पुष्कळ बायका आहेत आणि त्यांना घरी आणायला विमान जाणार आहे. त्या बायकांनी आपापली नावं आपल्या हातांनी, आपल्या लिपीत संगणकावर लिहिली होती. ती सगळी एका फाइलमधून देसेच्या कचेरीत आली. ज्या बाईचं घरचं माणूस येऊन ओळख पटवील, तिचं नाव पहिल्या विमानात. ओळख पटलेल्यांची यादी त्याच दिवशी दुपारी राजधानीला जायची होती. उरलेल्या कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या मंगळवारी कचेरीच्या पत्र्याखाली निलगिरीच्या बाकांवर ही गर्दी. आत संगणकापाशी गाशे लिसानु बसले होते. तिथं वडीलधाऱ्या माणसाला गाशे म्हणतात, आणि हे तर शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, अर्ध्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलेलं. त्यांनी यादी छापून दारावर लावली, आणखी दोन-चार प्रती बाकांवर दिल्या, आणि लोक बघतात तो काय, सगळीकडे प्रश्नचिन्हं.

लोक कागद उलटेपालटे करून पाहू लागले. मग अतो शिफेराव नावाचे एक शिंपी, जे आपल्या बहिणीसाठी पहाटेपासून येऊन बसले होते, ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गाशे, माझी बहीण सहा प्रश्नचिन्हांची की सात? लहानपणी तर एकच होती, पण मोठी होती."

लोक हसले. हसता हसता एक बाई रडायला लागली.

फिकिर्ते मात्र कागद घेऊन भिंतीपाशी बसली. तिनं एक युक्ती काढली होती. आईचं नाव अस्नाकेच. त्यांच्या लिपीत ते पाच अक्षरांचं होतं. तिथल्या रीतीप्रमाणं पुढं आईच्या वडिलांचं नाव बेलाय, तीन अक्षरं, आणि आईच्या आजोबांचं यिमेर, तीही तीनच. पाच, तीन, तीन. ती बोटानं मोजत एकेक ओळ उतरू लागली. जिथं तसा जोड जमला तिथं पेन्सिलीनं बारीक खूण केली. शेवटच्या ओळीपर्यंत अकरा खुणा झाल्या. अकरांपैकी एक, हे सहाशे चाळिसांपैकी एकापेक्षा किती जवळ होतं. तिनं त्या अकराही ओळींवरून हळूच हात फिरवला.

मग तो कागद घेऊन ती आत गेली आणि तिनं गाशेंना विचारलं, की अक्षरं गेली कुठं?

दुसरा कुणी म्हणाला असता, बाहेर बस. पण गाशेंना मुलांनी प्रश्न विचारला की हातातलं काम ठेवून उत्तर द्यायची सवय होती. भिंतीवर त्यांच्या लिपीचा जुना तक्ता होता. आपली बाराखडी असते ना, तशीच. फक्त तिथं प्रत्येक अक्षराची सात रूपं. ते म्हणाले, संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडे कळतात. म्हणून कुणीतरी एकदा बसून जगातल्या प्रत्येक अक्षराला आकडे ठरवून दिले. बैरुतहून अक्षरं आली ती आकड्यांच्या रूपात आली. आता ते आकडे कुठल्या तक्त्यावरून वाचायचे, हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं. आपल्या यंत्राला कुणी सांगितलंच नाही. त्यानं आपला इंग्रजीचा तक्ता काढला. त्यात आपलं एकही अक्षर नाही. बिचाऱ्यानं प्रत्येक ठिकाणी लिहिलं, हे मला ठाऊक नाही.

"मग ही चिन्हं खोडून खाली अक्षरं सापडतील?" फिकिर्तेनं विचारलं.

"नाही गं. यांच्याखाली काहीच नाही."

तिचा चेहरा पाहून ते घाईनं पुढं म्हणाले, की मूळ फाइल अजून तशीच आहे. शाळेत असताना उत्तरपत्रिकांचे गुण उतरवताना त्यांनी एक नेम पाळला होता, की मूळ कागदावर हात चालवायचा नाही, आधी नक्कल करायची आणि जे काही करायचं ते नकलेवर. तोच नेम त्यांनी इथंही सोडला नव्हता.

पण म्हणून काम एका दमात झालं असं नाही. गाशेंनी फाइल पुन्हा आत घेताना यंत्राला सांगितलं, की अक्षरं आमच्या तक्त्यावरून वाच. सगळी नावं न घेता पहिली दहाच घेऊन पाहिली. दहाही ओळी पुन्हा प्रश्नचिन्हं. गाशेंनी चष्मा काढला, पुसला, आणि ते तक्त्याकडे बघत बसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की वाचणाऱ्याला सांगितलं, ठेवणाऱ्याला सांगायचं राहिलं. नावं ज्या कोठारात जाऊन पडतात, ज्याला डेटाबेस म्हणतात, त्यातला नावांचा खणच मुळात इंग्रजी अक्षरांपुरता बांधलेला होता. अक्षरं दारापर्यंत नीट येत होती आणि उंबरठ्यावर मरत होती. तो खण त्यांनी नव्यानं बांधला, जरा मोठाही केला, कारण त्यांच्या एकेका अक्षराला तिथं तिप्पट जागा लागते. पुन्हा दहा नावं.

या वेळी पडद्यावर अक्षरं उमटली. गाशेंनी पहिलं नाव वाचलं आणि बाहेरून एक म्हातारा काठी टाकून आत धावत आला.

त्यानंतर कचेरीत एकच गलबला झाला. सगळी सहाशे चाळीस नावं आली. नवा कागद छापला गेला. अतो शिफेरावांची बहीण सापडली. ते डोळे पुसत सांगत होते, की सात चिन्हांची निघाली, मी म्हणत नव्हतो का. फिकिर्तेनं आपला जुना कागद नव्या कागदाशेजारी ठेवला आणि खुणांच्या ओळी एकेक करून पाहिल्या. अकराही ओळींत कुणाकुणाच्या आया होत्या, बहिणी होत्या. तिची आई त्यांत नव्हती.

गाशेंनी यंत्राला विचारून पाहिलं. अस्नाकेच नावाच्या तीन बायका होत्या, पण एकीचाही बाप बेलाय नव्हता. एमामानं आपल्या कनवटीचा कागद पुन्हा पुढं केला. त्यावर पासपोर्टावरचं नाव होतं, तेच तिनं कचेरीत सांगितलं होतं. गाशे हलक्या आवाजात म्हणाले, की दुसरीकडेही आश्रयघरं आहेत, याद्या अजून यायच्या आहेत. एमामानं मान हलवली आणि शाल सावरून उठली.

"चल पोरी. सगळ्यांचंच नशीब एका दिवशी उघडत नाही."

फिकिर्ते उठली नाही. ती म्हणाली, मला सगळी नावं वाचायची आहेत.

"अगं, यंत्रानं वाचली ना? गाशे काय खोटं सांगतात?"

"यंत्राला विचारलं तेवढंच त्यानं पाहिलं," फिकिर्ते म्हणाली.

गाशे आजीकडे बघून म्हणाले, "एमामा, बसा जरा. आठवीतली पोरंसुद्धा मला असं उत्तर देत नव्हती." आणि त्यांनी तिच्यासाठी खिडकीपाशी स्टूल ओढलं.

ती वाचत राहिली. कुणीतरी भाजलेले जव ओंजळभर आणून दिले ते तसेच मांडीवर राहिले. बाहेरची गर्दी हळूहळू ओसरली. राजधानीतून फोन आला, की यादी कुठं आहे. गाशे म्हणाले, होतेय. चारशे अठरा, चारशे एकोणीस. चारशे छत्तिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं ती ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग तोंडानं मोठ्यानं वाचली.

"मुलुनेश बेलाय यिमेर. गाव हाईक."

एमामाचा हात शालीवरच थबकला.

बाळांनो, त्या मुलखात सून घरात आली की सासू तिला एक नवं नाव देते. ते नाव घरात, शेजारात, चुलीपाशी चालतं. कचेरीत, दवाखान्यात, शिक्का मारायच्या कागदावर ते कुणी सांगत नाही. तिथं सांगायचं ते बापानं ठेवलेलं. एमामानं तो रिवाज पाळला होता. तिच्या सुनेनं मात्र तो मोडला.

"ते नाव मी ठेवलं होतं," एमामा म्हणाली. "ती आली आणि घर भरलं, म्हणून मुलुनेश. घराबाहेर कुणाला माहीत नाही ते."

गाशेंनी पडदा पाहिला. वय जुळत होतं. हाईक हे तिचं माहेर, तळ्याकाठचं, तेही जुळत होतं. तरी त्यांनी रीत म्हणून विचारलं, की मग तिनं पासपोर्टावरचं का लिहिलं नाही?

एमामानं कनवटीचा कागद पुन्हा उलगडून पाहिला. बैरुतच्या त्या घरात सुनेला वेगळ्याच नावानं हाका मारायचे, हे एमामाला फोनवरून कळलं होतं. मालकिणीला अस्नाकेच म्हणता यायचं नाही. पाच वर्षं परक्या नावाला ओ देणाऱ्या बाईला कुणीतरी एकदा आपल्या लिपीचा कळफलक पुढं करून सांगितलं असेल, लिही तुझं नाव.

"मला वाटायचं, ती आम्हाला विसरली," एमामा शेवटी म्हणाली. "मी शेजारणींत तसं बोलूनही दाखवलं."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. फिकिर्तेनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं.

गाशेंनी त्या ओळीपुढं घरच्या माणसांची नावं भरली: सासू तोआबेच, मुलगी फिकिर्ते, तिच्या बापाचं नाव अयालेव. यादी राजधानीला गेली. पलीकडून ती पोचल्याचं कळलं. विमान कधी उडणार ते अजून कुणी सांगत नव्हतं. आठवडा म्हणाले, मग म्हणाले की जास्तही लागेल. आज आवाज ऐकायला मिळेल का, असं फिकिर्तेनं विचारलं. गाशे म्हणाले, आश्रयघरात एकच फोन आहे आणि बायका सहाशे चाळीस.

"बरं," फिकिर्ते म्हणाली. मग तिनं विचारलं, "गाशे, हे बंद करून पुन्हा उघडता?"

"कशाला गं?"

"नाव राहतं का बघायचंय."

गाशेंनी संगणक बंद केला. पडदा काळा झाला, तेवढा वेळ तिनं स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. पुन्हा सुरू केला, चारशे छत्तिसावी ओळ काढली. सगळी अक्षरं जागच्या जागी होती. तिनं ती एकेक करून पाहिली, आणि म्हणाली, आणखी एकदा. त्यांनी आणखी एकदा केलं. एमामा दारात उभी राहून हाक मारत होती, कॉफी टाकायची वेळ टळून गेली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाशे लिसानु कुलूप काढायला आले, तेव्हा फिकिर्ते शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन पायरीवर उभी होती. ती त्यांच्या मागून आत शिरली, खिडकीपाशी ठेवलेलं स्टूल पडद्यासमोर ओढलं, आणि यंत्र सुरू व्हायची वाट पाहत बसली.