भैरूच्या वाट्याचे चॉकलेट मोदक

मित्रांनो, बिद्रीजवळच्या एका लहान गावात, विठ्ठल मंदिराच्या पायरीवर पडून असलेला मी भैरू. एक थकलेला कुत्रा. बारा वर्षं कीर्तनं ऐकली. टाळ-मृदंग सुरू झाले की पूर्वी पुढे जाऊन बसायचो. आता नुसते कान हलतात.

देवळामागच्या कडब्याच्या गंजीत माझा जन्म झाला. आई लवकर गेली. देवळाची झाडलोट करणाऱ्या धोंडुबाई आक्कांनी मला भाकरीवर वाढवलं. मी वानरं हाकलायचो, चपला राखायचो. "भैरू म्हंजे देवळाचा पाटील हाय," असं लोक म्हणायचे. आमच्या देवळाची रीतच होती, प्रसादाचा पहिला घास मुक्या जीवाला.

गेल्या वर्षी सप्ताहाची सांगता झाली. काल्याचं कीर्तन संपल्यावर गावातल्या शालूबाईंनी घरी केलेले चॉकलेटचे मोदक आणले. काळेभोर. आक्कांनी रीतीप्रमाणे पहिला मला दिला. मी शेपूट हलवली, म्हणून आणखी चार दिले.

"आक्का, माणसांस्नी ठेवा की!" शालूबाई हसल्या.

"त्यो बी माळकरीच हाय. खाऊ दे."

दुपारी पोट ढवळलं. उलट्या झाल्या, पाय थरथरू लागले. छातीत कुणी मृदंग बडवत होतं आणि थांबतच नव्हतं. आक्का रडत अंगारा आणायला धावल्या.

"अंगारा लावा की, पर आधी गाडी काढा!" कीर्तनकार गणपतरावबुवा ओरडले. "देवानं डॉक्टर कशाला केलाय मग?"

देवळाशेजारच्या कृष्णातनं मला उचलून त्याच्या जीपमध्ये घातलं. जनावरांचे डॉक्टर चिडलेच. "प्रसाद खरा, पण चॉकलेटमधला कोको कुत्र्याला विष आहे. आपल्याला पचतो, त्याच्या अंगात तो साचून राहतो आणि काळजावर येतो. जेवढं काळं चॉकलेट, तेवढं वाईट. वेळेत आणलंत, बघू."

दोन दिवस सलाईन लागलं. वाचलो, पण पूर्वीचा दम काही परत आला नाही.

आक्कांचा हात मात्र अजून धजत नाही. भाकरी पुढे करतात, मागे घेतात. "ह्यात काय न्हाय न्हवं रं?" असं मलाच विचारतात. मला बोलता येत नाही. मी त्यांना दिसेल असा, सावकाश खातो.

मित्रांनो, तुमच्या हातात चॉकलेट दिसलं की आम्ही शेपूट हलवणारच. आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळतं. चुकून खाल्लंच, तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि माया आलीच, तर भाकरीचा तुकडा द्या. आमच्यातला विठ्ठल तेवढ्यावर तृप्त होतो.