जवायाचा चेंडू

आदिलाबादच्या ऑफिसर क्लबात मी, नागनाथ, मार्कर होतो. म्हंजे टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी तानायची, अन् साहेब लोकायले खेळ शिकवायचा. तोंड माहं पयल्यापासून तिखट. तहसीलदार साहेबाचा चेंडू दोनदा जाळीत गेला की मी म्हनत होतो, "साहेब, हातात रॅकेट आहे, विळा नाही." बिचारे हसून सोडून देत. पन एका मानसाले मी चकार शब्द बोलत नव्हतो. तो माहा डबल्सचा जोडीदार, महिपत. काऊन, तर तो माह्या बहिनीचा नवरा.

आमच्याकडं जवायाचा मान लय मोठा. घरी आला की खाट त्याची, पयलं ताट त्याचं. एक शब्द उना गेला तर पाव्हना वर्षभर उंबरा चढत नाही. महिपत तलमडुगु गावचा, मावला गावात रोजंदारीवर होता, सांजच्याले क्लबात माह्या मदतीले येई. खेळ त्याले मीच शिकवला, पन कसा? "जवाईबुवा, जरासा हात वर घ्याल काय?" दुसरा कोनी असता तर कान पिळला असता.

त्या जानेवारीत मंचिर्यालकडच्या एका कारखान्याले आपल्या क्लबासाठी खेळाडूची जोडी पायजे होती. तिथले सुधाकरराव मॅनेजर आम्हाले म्हनले, "मयनाभर फिरा. निर्मल, आसिफाबाद, बेल्लमपल्ली, अन् शेवटची स्पर्धा आमची. यातली एक जिंका, दोघायले पक्की नोकरी देतो. राह्याले क्वाटर बी." महिपतची रोजंदारी आज हाय तर उद्या नाही. माही बी तीच गत. दोन्ही घरं या एका मयन्यावर टांगलेली.

निघालो. बयना, माही बहीन, भाकरी अन् ठेचा बांधून देत होती, आमी बस-लारी जे भेटंल त्यानं जात होतो. निर्मलले हरलो. आसिफाबादले हरलो. बेल्लमपल्लीले तर जिंकता जिंकता हरलो. अन् तिन्हीकडं एकच रड. चेंडू दोघायच्या मधातून गेला की मी थांबत होतो, म्हनलं पयला मान जवायाचा. महिपत बी थांबत होता, म्हने तुमी वयानं मोठे, वरून गुरू. दोघंही उभे, अन् चेंडू आरामात मांगं जाऊन भिंतीले भिडे. लोक हसत. परतीच्या गाडीत आमी एकमेकाले म्हनत होतो, "चुकलं माहंच." "नाही, नाही, माहंच." मले आतून असा राग येत होता की दात दुखायले लागत.

शेवटच्या स्पर्धेले बयना बी आली. फायनलपर्यंत पोचलो आमी, पन फायनलचा पयला सेट गेला. कसा गेला, सांगाले नको. पानी प्यायले बाजूले आलो तं बयना पदर खोचून उभी. नवऱ्याकडं नाही, माह्याकडंच पाह्यलं तिनं.

"दादा, माहा नवरा घरी जवाई हाय. इथं कोन हाय?"

"हळू बोल, आयकतील ते," मी म्हनलो.

"आयकू दे. तुमच्या या मानपानापायी माह्या घरची चूल इझन."

मी कोर्टावर आलो. दुसऱ्या सेटात पयलाच चेंडू मधात आला. महिपत थांबला. मी बी थांबलोच होतो, पन एवढ्या मयन्याचं साचलेलं सारं एकदम तोंडातून निंघालं, "हट बाजूले महिपत्या, काय खांब होऊन उभा हायस बे!"

अन् मारला. चेंडू पल्याडच्या कोपऱ्यात जाऊन पडला. पाइंट आमचा झाला, पन चार गावच्या मानसायसमोर मी जवायाले 'बे' म्हनलो होतो. बयनाले हा घरी कसा वागवन, आता आपल्या दाराले येईन का नाही, हेच डोक्यात. महिपतनं माह्याकडं पाह्यलंच नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पुढचा चेंडू परत मधात आला. मी धावलो.

"थांब रे नागनाथ! माहा हाय तो!"

मी जागच्या जागी थांबलो. त्यानं असा हानला की समोरचा गडी रॅकेट उचलाले बी विसरला. मंग काय, दोन सेट आमी नुस्ते भांडलो. "सोड", "घे", "झोपला का", "तुह्या बापाचं कोर्ट हाय का". एवढं सुख मले त्या कोर्टावर कधी भेटलं नव्हतं. जिंकलो तवा दोघायचाही आवाज बसला होता.

खेळ सरल्यावर मी त्याच्यापुढं हात जोडले. "जवाईबुवा, माहं चुकलं."

त्यानं घाम पुसला. "कोर्टावर असंच बोलत जा तुमी," तो म्हनला. "घरी बोलले तं मातर मी जेवनार नाही."

सुधाकरराव हसत आले, म्हनले दोन क्वाटर शेजारी शेजारी देतो. मी काई म्हननार त्याच्या आधी बयना पुढं झाली.

"शेजारी चालतील साहेब," ती म्हनली, "पन मधातली भिंत जाड पायजे. या दोघायले आता बोलनं आलं."