जास्तीचं पान

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बटण दाबलं की पुढे काय व्हायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं, एवढाच माझा धंदा. त्यामुळे दादाच्या खेळासाठी बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, बांधायला मला कुणाची शिकवणी लागणार नाही, असा माझा समज होता. शहाणाच की नाही मी!

खेळ ऑनलाइन पत्त्यांचा. दोनशे बारा चित्रांची पानं. आपल्याकडची जास्तीची द्यायची, नसलेली घ्यायची. दादा सहा वर्षं त्यात बुडालेला होता. ऑपरेशनमध्ये तो गेला तेव्हा एकोणतीस पानं मिळायची राहिली होती. वहिनीने मनावर घेतलं, संच आपण पुरा करायचा. दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं आणि घरी आल्यावर अनोळखी लोकांची मनधरणी करत बसायचं. मला ते बघवेना.

"वहिनी, हे यंत्राचं काम आहे. तुम्ही नुसतं बघत बसा."

"तुमच्या लिफ्टसारखं मध्येच लटकवणार नाही ना, भाऊजी?" ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली, आणि मला चढलं.

तीन रविवार खपून बॉट बांधला. नियम सोपा ठेवला. प्रत्येक चित्राचं सगळ्यांत चांगल्या प्रतीचं एक पान ठेवायचं, बाकीची जास्तीची. सुरू करण्याआधी यादी चाळली, तर 'नावाडी'ची दोन पानं निघाली. हलक्या प्रतीच्या पानावर पेन्सिलीची खूण होती. म्हणजे दादाने त्यावर काहीतरी लिहिलं होतं. खेळात तशी सोय आहे. मी ते उघडलं नाही. नवराबायकोतलं काही असेल, आपण कशाला नाक खुपसा? त्यापेक्षा वहिनीला दुकानात फोन लावला. मागे कुणीतरी गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होतं.

"नावाडीची दोन पानं आहेत. एकावर दादाने लिहिलंय. ते वेगळं काढून ठेवू का?"

"राहू द्या हो, भाऊजी," म्हणाली आणि फोन ठेवला.

राहू द्या. म्हणजे कशाला उगाच तसदी घेता! मी बॉट सुरू केला आणि मजेत जेवायला बसलो.

संध्याकाळी ती आली तेव्हा पडद्यावर दोनशे बारापैकी दोनशे बारा पानं होती. दादाचं नाव लिहून खाली 'अभिनंदन'. वहिनीने चक्क टाळ्या वाजवल्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "आता तो नावाडी उघडा. आज वाचते."

मी उघडला. पान कोरं.

"हे नाही हो. लिहिलेलं."

"ते गेलं. तुम्हीच म्हणालात ना, राहू द्या."

"आहे तिथे राहू द्या म्हटलं, भाऊजी!"

शेवटचं, दोनशे बारावं पान त्या लिहिलेल्या नावाडीच्याच बदल्यात आलं होतं. समोरचाही बॉटच निघाला. त्याने नावाडी तासाभरात पुढे ढकलला होता. बॉटपुढे पदर कसा पसरायचा? चार दिवस माग काढला तेव्हा एक भला माणूस सापडला. त्याने बदल्यात काही न घेता पान परत पाठवलं. पण पान दुसऱ्याकडे जातं तेव्हा आधीच्या मालकाचं लिहिलेलं पुसलं जातं, हे मला तेव्हा कळलं. कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत'. माझ्या बॉटच्या नोंदीत सगळं होतं, पानाचा क्रमांक, प्रत, वेळ अगदी सेकंदासकट. लिहिलेलं तेवढं नव्हतं. ते टिपून घे म्हणून मी त्याला सांगितलंच नव्हतं.

काउंटरवरचा पांढरा कोट अंगात तसाच ठेवून वहिनी त्या परत आलेल्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली.

"ऑपरेशनला नेण्याआधी लिहिलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "एकदाच वाचलं मी. नंतर उघडायचा धीर झाला नाही. ते आहे ना, एवढ्यावर भागत होतं."

"काय होतं?"

"'येतो' लिहिलं होतं. पुढे 'गं' होतं का हो? मला आता नक्की आठवत नाही. 'येतो' तर ते सगळ्यांनाच म्हणायचे. तुम्ही पाहिलं असेल ना, भाऊजी?"

"होतं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, वहिनी. 'गं' होतं."

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला, आणि मला तिच्याकडे बघवेना.