तवीचा वास

सित्तना मावशीचे हात थरथरायला लागलेत हे आम्हां बायकांना कॉफीमुळे कळलं. जबना, म्हणजे कॉफीची मातीची सुरई, तिच्या चिंचोळ्या तोंडातून इवल्याशा पेल्यांत कॉफी ओतायची आणि तबकावर थेंब पडू द्यायचा नाही, यात आमच्या टेकड्यांतल्या बाईची किंमत ठरते. मावशी बोलता बोलता, न बघता ओतायची. त्या दिवशी निम्मी कॉफी तबकात गेली.

"काय बघताय?" ती खेकसली. "कधी कॉफी बघितली नाही?"

हे खेकसणंही नवं होतं. गावातली सगळ्यात शांत बाई आता कोंबड्यांशी भांडायची. तिला झोप लागत नव्हती, हिरड्यांतून रक्त येत होतं, शेजारणींची नावं मध्येच हरवत होती.

मावशी सोनं जाळायची. ओढ्यातली वाळू धुऊन जो काळा गाळ उरतो त्यात आम्ही पारा चोळतो. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो आणि हरभऱ्याएवढी करडी गोळी तयार होते. ती तापवली की पारा उडून जातो, सोनं राहतं. पारा बाबिकर हाजी द्यायचा, अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांतून, आणि सोनंही तोच घ्यायचा. सगळ्या बायकांच्या गोळ्या मावशीच्या स्वयंपाकाच्या झोपडीत तापवल्या जात, तेही दार लावून, कारण वाऱ्याने सोनं उडतं अशी समजूत. आणि कॉफी भाजायच्या तवीतच, कारण तिचा दांडा लांब, चटका बसत नाही. मग राख लावून घासायची आणि तिच्यातच कॉफी भाजायची. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो, ती डोळ्यांना झोंबत नाही. त्यामुळे तिची भीती कुणालाच वाटली नव्हती.

हाजीने निकाल दिला, "मावशी, तुझं वय झालं. नाहीतर जिन्न लागलाय. शुक्रवारी कॉफी प्यायला येतो. त्यानंतर जाळायला रिहाब बसेल."

रिहाब तिची मुलगी. पोट नुकतंच दिसायला लागलेलं.

मावशी दवाखान्यात आली. तिथे मी रक्त-लघवी तपासते. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सांग. वय की जिन्न?"

"दोन्ही नाही, मावशी. पारा."

श्वासातून तो रक्तात जातो आणि रक्तातून मेंदूत, हे मी तिला सांगितलं. नक्की प्रमाण हवं तर नमुना राजधानीला पाठवावा लागेल, हेही सांगितलं. पण हात, हिरड्या, झोप आणि राग एकत्र पाहता मला शंका नव्हती.

"आणि पोटातल्या बाळाला?"

"वार पाऱ्याला अडवत नाही, तो बाळापर्यंत जातो."

ती उठली. "मग ती तिथे बसणार नाही."

रिहाबला मात्र ते पटेना. "आई, तुझी जागा मला मिळतेय हे तुला बघवत नाही. हाजी सांगतो, त्या धुराने काही होत नाही."

"हाजी कधी बसलाय त्या धुरात?"

"नाही बसला. म्हणून धूर वाईट ठरतो का?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि ताई, तुझं पुस्तकातलं तुझ्यापाशी राहू दे. बाळ आल्यावर त्याला खायला कोण घालणार, तुझी काचेची नळी?"

गुरुवारी मावशी माझ्याकडून माझी तवी मागून घेऊन गेली.

शुक्रवारी पाहुण्यांच्या झोपडीत आम्ही सगळ्या दाटीवाटीने बसलो. हाजी बाजेवर, पांढराशुभ्र फेटा बांधून. बिया भाजून झाल्या की तवी प्रत्येक पाहुण्यापुढे धरायची, पाहुण्याने धूर नाकाशी ओढून घ्यायचा आणि घराला दुवा द्यायचा, ही आमची रीत. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान.

मावशी तवी घेऊन आली. वर गवताचं विणलेलं रंगीत झाकण. हात कापत होते, झाकण लोखंडावर थरथरत होतं. हाजी डोळे मिटून पुढे झुकला. मावशीने झाकण काढलं.

आत करड्या गोळ्या होत्या.

"आत्ताच निखाऱ्यावरून उतरवल्यात, हाजी. वास घ्या आणि दुवा द्या."

हाजीने डोळे उघडले, आणि बाज मागे कलंडली. फेट्याचा शेव नाकावर दाबून तो ओरडला, "दूर कर ते! वेडी झालीस का? दार उघडा, सरका!" तो बायकांच्या पायांवरून धडपडत अंगणात गेला आणि वारा जिकडून येत होता त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मावशी दारात आली. तिने आपला तळवा तवीत सपाट टेकवला आणि तसाच ठेवला.

"थंड आहे," ती म्हणाली. "या तवीखाली आज निखारा ठेवलाच नाही मी."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. रिहाब हसली नाही. ती उठून आईशेजारी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, काही होत नाही."

"अगं, ते... बंद खोलीत जरा..."

"आमची चूल कुठे असते, हाजी? डोंगरावर?"

हाजीचा आवाज चढला. "माझ्या पाऱ्याशिवाय सोनं कसं काढता ते बघतोच!"

"तुम्हीच बघा," मावशी म्हणाली. "आजवर तुमचं हे काम आम्ही केलं. वाफ धरून ठेवणारं झाकणाचं भांडं आणा, उघड्यावर जाळा, स्वतः समोर बसा. आमच्या चुलीवर आता ते होणार नाही."

"हे जिन्नच बोलतोय!"

"मग त्याला तरी नीट उत्तर द्या."

हाजी कॉफी न पिताच गेला. असं करणं म्हणजे संबंध तोडणं, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. पुढचे दिवस कठीण जाणार होते, आणि तसे ते गेलेही.

रिहाबने गोळ्या एका बरणीत काढून झाकण घट्ट लावलं. मग खणायची पहार आणली, मावशीची ती जुनी तवी अंगणातल्या दगडावर पालथी घातली आणि घाव घातले. लोखंड जुनं होतं. तिसऱ्या घावाला भोक पडलं.

"आता हिच्यात कुणी कॉफी भाजायची नाही," ती धापा टाकत म्हणाली.

माझ्या तवीत बिया भाजल्या गेल्या. जबना मावशीनेच उचलली. रिहाब मदतीला पुढे झाली, तर तिने कोपराने बाजूला सारलं.

"माझे हात आहेत. बघू दे सगळ्यांना. सांडलं तर सांडलं."

सांडली, बरीच. आम्ही पेले तबकातून उचलले, बोटं ओली झाली, आणि कुणीही ती पुसली नाहीत.