वहिनीचा आवाज बसला तेव्हा

माझी वहिनी घरीच शाळा भरवते. दादा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे आणि पाच वर्षांत त्याच्या तीन बदल्या झाल्या. दर वेळी मुलांना नवी शाळा, नवा गणवेश, नवं रडणं. शेवटी वहिनीने ठरवलं, आता शाळा आपल्या जेवणाच्या टेबलावर. स्वतः आठ वर्षं शिक्षिका होती, त्यामुळे तिला ते जड गेलं नाही. साडेआठला गणित, सव्वानऊला भाषा, दहाला दहा मिनिटं सुट्टी. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते. खालून येणाऱ्या तिच्या आवाजावर मी खुशाल घड्याळ लावावं, इतकं सगळं वेळेवर.

मुलं दोन. मोठी अकरा वर्षांची, सतत कशात ना कशात गुंतलेली म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. धाकटा टिल्लू सात वर्षांचा. टिल्लू मनातल्या मनात छान वाचायचा, पण मोठ्याने वाच म्हटलं की त्याचा चेहरा दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखा व्हायचा. तो चेहरा मला चांगला माहीत आहे, कारण मी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते.

थंडीत माझी लॅब तीन आठवडे बंद असते. वहिनीच्या शाळेलाही तेव्हाच सुट्टी असते, म्हणजे कागदावर असते. या वर्षी तिने ‘सुट्टीचं हलकं वेळापत्रक’ करून फ्रिजवर लावलं. रोज फक्त चार तास.

मुंगीने ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "आई, हलकं म्हणजे किती किलो?"

आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी वहिनीचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, दुपारपर्यंत गायबच. डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "दहा दिवस तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घशाला जास्तच ताण पडतो."

वहिनी हार मानणारी नव्हे. घरी येताना तिने पाटी आणि खडूंचा डबा घेतला. दुसऱ्या दिवशी साडेआठला टेबलाशी हजर. पाटीवर लिहिलं, ‘सातचा पाढा.’ मुलांनी म्हटला. ‘आठचा.’ तोही झाला. तिसऱ्या दिवशी मात्र मुलांना एक शोध लागला. पाटीकडे पाहिलंच नाही, तर आईचं ऐकलं नाही असं होत नाही! टिल्लू खिडकीबाहेर बघत बसला. मुंगी टेबलाखाली घुसून बुटांची नाडी ओवू लागली. वहिनीने पाटीवर टकटक केलं, टाळ्या वाजवल्या, पाय आपटला. शेवटी नाडी ओवून झाल्यावर मुंगी शांतपणे बाहेर आली आणि म्हणाली, "आई, आमची सुट्टी आहे गं."

वहिनी पाटी घेऊन वर माझ्याकडे आली. डोळे भरलेले. तिने लिहिलं, ‘मग मी काय करू?’

"काही नको," मी म्हटलं. "माझ्या गच्चीवर ऊन आलंय. बस."

ती बसली. पाच मिनिटांनी उठून माझ्या कुंड्यांमधलं गवत काढलं, मग पुन्हा बसली. बसल्या बसल्या तिला झोप लागली, ती दुपारी चारपर्यंत. मी अंगावर शाल टाकली तरी हलली नाही. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पण तिला दिवसाउजेडी झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. दादा त्या दिवशी कामावरून लवकर आला, तिला तसं बघून घाबरला आणि मला म्हणाला, "ताप आहे का गं?"

"झोपलीय रे. माणसं झोपतात."

त्यानंतर घर जरा सैलावलं. मुलं नऊला उठू लागली. मुंगीने दादाचे जुने मोजे उसवून त्या लोकरीचा एक भलामोठा गुंडा केला. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं. सगळे जण जेवायला माझ्या गच्चीवर यायचे, ताट मांडीवर आणि पाय उन्हात.

पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर टिल्लू वहिनीला टेकून बसला होता. हातात दादाच्या बॅगेतलं लिफ्टचं माहितीपुस्तक. चित्रं बघता बघता तो अचानक मोठ्याने वाचायला लागला.

"दार बंद होताना हात... मध्ये... घालू नये. लहान मुलांना एकटे... सोडू नये. आणीबाणीच्या वेळी... घोरू नये."

पुस्तकात ‘घाबरू नये’ होतं. मी वहिनीकडे पाहिलं. एरवी तिने ओळ संपायच्या आत त्याला थांबवलं असतं. ‘नीट बघ, परत वाच, काना कुठे आहे?’ आताही तिचं तोंड उघडलं, पण आवाज कुठून आणणार? आणि मग तिचे खांदे हलायला लागले. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज मात्र काडीचा नाही.

टिल्लू तिच्याकडे बघतच राहिला. "मजेशीर आहे ना?" त्याने खूश होऊन विचारलं. वहिनीने जोरजोरात मान हलवली. मग गडी सुटलाच. चार पानं वाचली. निम्मी चुकीची, पण वाचली. वहिनीचा एक हात स्वतःच्या गुडघ्यावर घट्ट दाबलेला होता, तेवढा मला दिसत होता.

त्या दिवसापासून टिल्लू दिसेल ते वाचत सुटला. औषधाच्या बाटल्या, रंगाचे डबे, माझ्या लॅबच्या चिठ्ठ्या. "आत्या, वरची कवळी, पुढचा दात थोडा वाकडा ठेवावा. वाकडा का गं?"

"त्या आजोबांचा खरा दात तसाच होता. सरळ दातांत ते स्वतःला ओळखेनात."

त्याला हे फारच पटलं.

आठव्या दिवशी सकाळी मी दूध मागायला खाली गेले. वहिनी गॅसपाशी पाठमोरी उभी होती. दूध वर आलं आणि ती स्पष्ट, खणखणीत म्हणाली, "अरे थांब, थांब, थांब!"

"वहिनी!"

ती दचकून वळली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "कालपासून आलाय. कुणाला सांगू नकोस."

"का?"

"डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलेत ना," तिने शिक्षिकेच्या चेहऱ्याने सांगितलं. मी बघत राहिले तशी ती ओशाळली. "तो वाचतोय गं. मी बोलायला लागले की मला राहवणार नाही. मी स्वतःला ओळखते."

मी दूध घेतलं आणि गप्प वर आले. पुढचे दोन दिवस दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, नाहीतर हसू फुटलं असतं.

अकराव्या दिवशी मुलं टेबलाशी येऊन बसली, कुणी न बोलावता. आता आई काय बोलणार याची दोघांना धाकधूक. दादासुद्धा चहाचा कप घेऊन थांबला. वहिनीने घसा साफ केला.

"आपली सुट्टी अजून दहा दिवस आहे," ती म्हणाली, "आणि मला त्या लोकरीच्या गुंड्याचं काय करायचं ते कळत नाहीये."

"मलाही नाही!" मुंगी ओरडली.

वहिनीचा स्वभाव काही दहा दिवसांत बदलला नाही. त्याच दुपारी गच्चीवर टिल्लू वाचत असताना तिच्या तोंडून "काना—" एवढं निसटलंच. टिल्लूने मान वर केली. "काना माहितीये मला," तो म्हणाला, "ओळ संपू दे." आणि त्याने ती ओळ संपवली. वहिनीने संत्र्याची एक फोड सोलून त्याच्या तोंडात घातली, एक स्वतःच्या घातली आणि डोळे मिटून ऊन खात पुढचं ऐकत राहिली.