विळ्याला न उमगलेली पिवळी वेल

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. वय वाढलं की शहाणपण येतं म्हणतात. माझा मात्र नुसता गोंधळ वाढला आहे.

वाईच्या आठवडी बाजारात एका लोहाराने मला घडवलं, बाभळीची मूठ बसवली आणि धोंडुबाईंनी उलटसुलट पारखून मला घरी आणलं. मग वर्षानुवर्षं मी गवत कापलं, जोंधळा कापला. कापलं की काम संपलं, एवढंच मला ठाऊक. "माझा इळा लय गुणाचा हाय," असं त्या धार लावताना म्हणायच्या आणि माझी छाती फुगायची. विळ्याला छाती नसते हे खरं, पण फुगायची.

गावामागच्या टेकडीवर आमची देवराई आहे. तिथलं जुनं जांभळीचं झाड गेल्या वादळात पडलं. लग्न होऊन आल्यावर माहेरची आठवण आली की धोंडुबाई त्याच झाडाखाली जाऊन बसत. झाड गेलं, पण खाली त्याची रोपं उगवली होती. त्यांच्यावर एका पिवळ्या फुलांच्या वेलीने गोधडी पांघरली. ती वेल देवराईतली नव्हेच. केरबा गुरव पाचगणीच्या एका बंगल्यात माळीकाम करत. देवापुढे शोभा यावी म्हणून त्यांनीच तिथल्या काड्या आणून लावल्या होत्या. आता ती जमिनीवर सरपटत जांभळीपर्यंत पोचली होती आणि रोपं उजेडावाचून मरत होती.

"ही रोपं गेली तर जांभळीचा वंश बुडाला," धोंडुबाई सून अंजनाला म्हणाल्या आणि मला कमरेला खोचून निघाल्या.

मी सपासप वेल कापली. देवराईतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही अशी गावाची रीत, म्हणून कापलेले ढीग तिथंच झाडांखाली राहिले. काही दिवसांत ढीगच हिरवे झाले. पुन्हा कापली. पुन्हा फुटली, आणि आधीपेक्षा दाट. माझी धार गेली की अक्कल, तेच मला कळेना.

"आत्या, ह्यो इळाच अपेशी दिसतोय," अंजना म्हणाली. मला फार लागलं ते.

धोंडुबाई ढिगातला एक तुकडा उचलून बघत बसल्या. त्याच्या पेरापेराला पांढरी मुळं सुटली होती.

"आगं, हे तर उसाच्या बेण्यागत झालं. आपण येल काढत न्हाई, लावण करतोय."

दरवर्षी उसाची लावण करणाऱ्या या दोघी, आणि त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग मला कसं यावं? ऊस तोडायला कोयता लागतो, तिथं मला कोण विचारतो.

दोघींनी वेल मुळासकट उपटून पाट्या भरल्या. बाहेरच्या कातळावर वाळवायला निघाल्या, तर केरबा आडवे आले.

"वैनी, देवाचं पान भाईर न्यायचं न्हाई. आज्जापासनं चालत आलंय."

"आवं केरबा भावजी, ही देवाची कवा झाली? तुमीच बंगल्यातनं आणलीसा न्हवं? पाव्हणी घर गिळाया लागली तर तिला वाटंला लावायला देव कशाला आडवंल?"

केरबांनी वळून वेलीखाली वाळून गेलेल्या जांभळीच्या रोपांकडे पाहिलं. मग त्यांनी धोंडुबाईंच्या डोक्यावरची पाटी आपल्या डोक्यावर घेतली.

आता सगळे हातांनीच उपटतात. मी देवराईच्या बांधावर रोवलेल्या एका खुंटीला टांगलेला असतो. हा मान की अडगळ, कुणास ठाऊक. परवा केरबांनी स्वतःच्या अंगणातली पिवळी वेलही उपटून कातळावर टाकली. आणि बहुतेक रोपं गेली असली तरी एका रोपाला तांबूस पानं फुटली आहेत. धोंडुबाई रोज त्याच्याजवळ जाऊन बसतात.

म्हणून मित्रांनो, फूल सुंदर दिसलं तरी कुठलीही काडी रानात नेऊन खोचू नका. आणि काही काढायचं झालं, तर ते कशानं वाढतं हे आधी बघा. जन्मभर मी कापत आलो, तेव्हा गुणाचा ठरलो. जांभळीचं रोप मात्र मी कापायचं थांबल्यावर वाचलं. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण खुंटीवरून ते रोप दिसतं, आणि तेवढं मला पुरतं.